वीस मीटर तार

ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस मुंबईतून एक बेकायदा रेडिओ केंद्र बोलू लागलं. 'भारत छोडो'चा ठराव होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. पहिल्या फळीतले नेते तुरुंगात होते, वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी चालू होती. अशा दिवसांत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांच्या गाड्या माग काढत फिरत, म्हणून सगळं सामान उचलून पुन्हा पुन्हा नव्या जागी न्यावं लागे. १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडला. उषाताईंना चार वर्षांची सक्तमजुरी झाली आणि त्यांची रवानगी येरवड्याला झाली.

हे केंद्र श्रोत्यांना स्वतःची ओळख सांगताना एक आकडा सांगत असे: ४२.३४ मीटर. स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत तो बहुतेकदा तपशिलापुरता येतो आणि वाचणाऱ्याची नजर त्याच्यावरून पुढे सरकते. रेडिओवाला मात्र तिथेच थांबतो. तीनशेला ४२.३४ ने भागलं की सुमारे ७.०८ येतात. म्हणजे हे केंद्र ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलत होतं. आज भारतात ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा हौशी रेडिओसाठी राखून ठेवलेला आहे. देशभरातले परवानाधारक हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, त्याला 'चाळीस मीटर' म्हणतात, आणि रोज सकाळी त्याच पट्ट्यावर एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात. ज्या लहरीवर बोलल्याबद्दल उषाताई तुरुंगात गेल्या, त्याच लहरीवर आज बारा वर्षांचा मुलगा परीक्षा देऊन कायद्याने बोलू शकतो. त्यासाठी लागणारा अँटेना म्हणजे सुमारे वीस मीटर तांब्याची तार.

या तारेबद्दल मला पोटतिडकीने लिहायचं आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे हॅम परवाना घेणारी तरुण मंडळी बरीच दिसू लागली आहेत. परवाना हातात पडला की पहिली धाव असते ती सेटकडे. कोणत्या कंपनीचा, किती वॉटचा, पडदा रंगीत की साधा, यावर तासन्‌तास खल होतो. अँटेनाचा विषय शेवटी निघतो आणि तोही 'तयार कुठे मिळतो?' या प्रश्नापुरता. माझं मत याच्या नेमकं उलट आहे. सेट खुशाल विकत घ्यावा, कारण आजच्या सेटमधलं काम घरी होण्यासारखं राहिलेलं नाही. अँटेना मात्र स्वतः करावा, आणि तो पिशवीत घालून कुठेही नेता येईल असा करावा.

यामागे हिशेब आहे. समोरच्याला आपला आवाज किती जोरात येतो, ते रेडिओवर 'एस' या एककात मोजतात. हा आवाज एका एसने वाढवायचा तर शक्ती चौपट करावी लागते. २५ वॉटचे १०० वॉट केले तर समोरच्याच्या काट्यावर फक्त एक घर वाढतं. त्या एका घरासाठी मोठा सेट, मोठी बॅटरी आणि मोठा खर्च. तोच अँटेना जमिनीलगत वेडावाकडा पसरलेला असेल आणि त्याचा मधला भाग नीट उंच नेला, तर तेवढा किंवा त्याहून जास्त फायदा दोरीच्या एका वेटोळ्यात होतो. शिवाय उंच अँटेनाला दुसऱ्यांचं बोलणंही जास्त स्पष्ट ऐकू येतं. जास्त वॉटनी ते कधीच होत नाही.

शहरात राहणाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे. सोसायटीची गच्ची सगळ्यांची असते. तिथे पाण्याच्या टाक्या, सोलर, डिशच्या छत्र्या यांची गर्दी असते, आणि कायमच्या अँटेनाला कार्यकारिणीची परवानगी मिळणं कठीण जातं. त्यात घराघरांतले एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर इतकी खरखर करतात की मिळालेल्या अँटेनातूनही पुरेसं ऐकू येत नाही. यावर उपाय एकच. रविवारी पहाटे पिशवी उचलायची आणि गावाबाहेर, विजेच्या तारांपासून लांब, एखाद्या माळावर जायचं. तिथली शांतता सेट चालू केल्याबरोबर कळते. शहरात जिथे सतत चरचर असते, तिथे नुसता बारीक सुस्कारा ऐकू येतो आणि त्यातून दूरचा आवाज वर येतो.

आता ही तार वीस मीटरच का, ते सांगतो. रेडिओ लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. ७.१ मेगाहर्ट्झची लहर म्हणजे सेकंदाला ७१ लाख आंदोलनं, आणि एका आंदोलनात लहर सुमारे ४२ मीटर पुढे जाते. तारेची लांबी याच्या बरोबर निम्मी असेल, तर वीज तारेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊन आदळून परतते, तेव्हा नेमका पुढचा धक्का तयार असतो. झोपाळा वर जाऊन परत येतो त्या क्षणी दिलेला धक्काच झोका वाढवतो, तसंच हे. प्रत्यक्षात तारेच्या टोकांच्या परिणामामुळे लांबी थोडी कमी ठेवावी लागते. व्यवहारातलं सूत्र सोपं आहे: १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये. ७.१ साठी ते २०.०७ येतं. ही तार मधोमध कापायची, दोन्ही कापलेल्या टोकांना केबल जोडायची, की झाला डायपोल. हाइनरिख हर्ट्झने १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत विद्युतचुंबकीय लहरी असतात हे ज्या साधनाने सिद्ध केलं, ते मूळ कल्पनेत हेच होतं. सव्वाशेहून अधिक वर्षांत त्याच्यापेक्षा साधं काही निघालेलं नाही.

या तारेत प्रवाह सगळीकडे सारखा नसतो. मध्यभागी तो सर्वांत जास्त असतो आणि टोकांशी शून्यावर येतो. व्होल्टचं उलट असतं, ते टोकांशी सर्वांत जास्त. शंभर वॉट सोडले की टोकाशी पाचशे व्होल्टच्या आसपास असतात, म्हणून टोकं माणसाच्या हाताला लागणार नाहीत अशीच बांधायची. लहर प्रामुख्याने प्रवाहातून निघते, याचा अर्थ तारेचा मधला भाग काम करतो. हे एकदा मनात बसलं की अर्धी विद्या आली. मध्य उंच हवा, टोकं खाली आली तरी चालतील. एकच झाड किंवा एकच काठी मिळाली की काम होतं. मध्य वर टांगायचा, दोन्ही पाय तंबूच्या दोरांसारखे खाली उतरवायचे. हॅम लोक याला 'इन्व्हर्टेड व्ही' म्हणतात. याचा आणखी एक लाभ आहे. मोकळ्या अवकाशात सरळ डायपोल ७३ ओहम दाखवतो, पाय उतरले की तो आकडा ५० च्या जवळ येतो, आणि आपली केबल आणि सेट दोन्ही ५० ओहमचे असतात. फक्त दोन पायांमधला कोन नव्वद अंशांपेक्षा कमी होऊ द्यायचा नाही.

सामानासाठी मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला जावं, पुणेकरांनी बुधवार पेठेत. तांब्याची जाड, एकजीव तार घेऊ नये. ती गुंडाळली की तिला पीळ बसतात आणि चार वेळा उघडमीट झाली की तुटते. घरात वायरिंगला लागते तशी बहुपदरी, प्लास्टिकचं आवरण असलेली वायर घ्यावी. दुकानदाराला 'चौदा-छत्तीस' किंवा 'तेवीस-छत्तीस' म्हटलं की कळतं. पहिला आकडा पदरांचा, दुसरा गेजचा. नव्वद मीटरच्या एका गुंडाळीतून चार अँटेना निघतात, म्हणून चौघांनी मिळून घ्यावी. केबल म्हणून आरजी-५८ चालते. डिश टीव्हीची केबल ७५ ओहमची असते. नाइलाजाने ती वापरली तर काम अडत नाही, पण नवी घेणार असाल तर ५० ओहमचीच घ्या. मध्यासाठी प्लंबरकडचा अर्धा इंची पीव्हीसीचा 'टी' घेतला की झालं. खालून केबल आत जाते, दोन्ही बाजूंनी तारा बाहेर येतात, वरच्या बाजूला भोक पाडून दोरी ओवता येते. टोकांना कोटाची मोठी बटणं लावली तरी पुरे. त्यांना भोकं आयती असतात आणि प्लास्टिक विजेला अडवतं.

एका गोष्टीकडे मात्र नवे लोक हटकून दुर्लक्ष करतात. केबलच्या बाहेरच्या जाळीवरूनही प्रवाह वाहू शकतो. तसं झालं की केबलच अँटेनाचा तिसरा पाय बनते, सगळं मोजमाप बिघडतं आणि माईकला ओठ लागले तर चटका बसतो. याला अडवायला केबल मध्याजवळ फेराइटच्या कड्यातून चार-पाच वेळा ओवून घ्यायची. जुन्या मॉनिटरच्या केबलवर तो काळा फुगीर ठोकळा असतो, त्याच्या आत हेच फेराइट असतं. भंगारवाल्याकडे ते ढिगाने मिळतं. संगणकाच्या पॉवर सप्लायमधून निघणारी पिवळी-पांढरी कडी मात्र घेऊ नका. ती लोखंडाच्या भुकटीची असतात आणि या कामाला उपयोगी नसतात.

भोर तालुक्यातल्या एका शेतावर अशा बांधणीचा एक दिवस मी पाहिला. अभियांत्रिकीची काही मुलं-मुली होती आणि त्यांना शिकवायला लष्कराच्या सिग्नल्समधून निवृत्त झालेले एक सुभेदार आले होते. मुलं त्यांना काका म्हणत. काकांनी सुरुवातीला सेट पिशवीतून बाहेरच काढू दिला नाही. आधी प्रत्येकाकडून दोरीची निरगाठ आणि सरगाठ बांधून घेतली. निरगाठ ताणावर सुटत नाही, सरगाठ एका झटक्यात सुटते. तारेच्या टोकाला कोणती आणि खुंटीला कोणती, हे ज्याला सांगता आलं त्यालाच पुढे पाठवलं.

बांधावर एक जुनं आंब्याचं झाड होतं. दहा मीटरवरच्या फांदीवरून दोरी टाकायची होती. एका मुलाने दोरीला दगड बांधून फेकला. तो दोनदा खोडावर आपटला, तिसऱ्यांदा फांदीत अडकला. काकांनी दगड सोडवायला लावला आणि अर्धी भरलेली पाण्याची छोटी बाटली मागितली. "दगड कुठे जाऊन पडेल त्याचा नेम नाही, आणि अडकला तर तसाच लटकत राहतो," ते म्हणाले. "बाटली गोल आहे, घसरून खाली येते. आणि कुणाच्या डोक्यात पडली तरी जीव जात नाही." मग त्यांनी बारीक नायलॉनची दोरी जमिनीवर मोकळी, नागमोडी पसरून ठेवली. हे सर्वांत महत्त्वाचं. दोरी वेटोळ्यात असेल तर ती उडताना गुंतते. बाटली खालून वर, गोफणीसारखी एकदा फिरवून सोडली, ती फांदीवरून पलीकडे गेली आणि स्वतःच्या वजनाने खाली आली. बारीक दोरीला जाड दोरी, जाड दोरीला 'टी', आणि पीव्हीसीचा तो तुकडा नऊ मीटरवर जाऊन थांबला. दोन्ही पाय दोन दिशांना ताणून जमिनीपासून तीन मीटरवर बांबूंना बांधले.

मोजमापासाठी नॅनोव्हीएनए नावाचं तळहातावर मावणारं यंत्र होतं. पूर्वी या कामाची उपकरणं फक्त प्रयोगशाळांना परवडत. आज हे यंत्र काही हजारांत येतं, आणि चारपाच जणांनी वर्गणी काढून घेण्यासारखं आहे. केबलचं टोक त्याला जोडलं की पडद्यावर एक रेघ उमटते. रेघ वरून येते, एका ठिकाणी खोल जाते आणि पुन्हा वर चढते. जिथे खोल जाते, ती त्या तारेची स्वतःची लहर. मुलांनी तार मुद्दाम थोडी जास्त, २०.५ मीटर ठेवली होती, कारण प्लास्टिकचं आवरण असलेल्या वायरीला नेमकी किती लांबी लागेल ते मोजल्यावरच कळतं आणि कापलेली तार परत जोडावी लागणं वाईट. खोलगट भाग ६.९५ वर होता. हवा होता ७.१ वर.

काकांनी एका मुलीला विचारलं, "आता किती कमी करशील?"

ती म्हणाली, "काका, थोडी थोडी कापत बघू."

"अंदाजाने कशाला, पोरी? गणित कर. लांबी गुणिले मेगाहर्ट्झ, हा गुणाकार बदलत नाही."

तिने मोबाइलवर केलं. २०.५ गुणिले ६.९५, भागिले ७.१. उत्तर २०.०७. म्हणजे एकूण ४३ सेंटिमीटर, प्रत्येक पायाला साडेएकवीस. तिने पक्कड उचलली. काकांनी तिचा हात धरला आणि तारेचं टोक उलटं दुमडून तिच्याच अंगाला घट्ट पीळ देऊन दाखवलं. दुमडलेली तार विजेच्या दृष्टीने जवळजवळ तेवढीच आखूड होते, आणि उद्या दुसऱ्या जागी, ओल्या मातीवर किंवा कातळावर, हीच लांबी बदलावी लागली तर पीळ सोडला की झालं. अँटेना पुन्हा वर गेला. खोलगट भाग ७.१ वर आला आणि यंत्राने परावर्तनाचं गुणोत्तर १.३ दाखवलं. एक मुलगा ते १.१ करायला निघाला होता. त्याला काकांनी थांबवलं, आणि मला ते पटलं. १.५ ला शक्तीतले फक्त चार टक्के परत येतात, २ ला अकरा टक्के. १.३ च्या खाली जाण्यासाठी लागणारा वेळ आणखी एक मीटर उंच फांदी शोधण्यात घालवावा.

त्या सकाळी त्या तारेवर पहिला आवाज कोल्हापूरचा आला, मग नाशिकचा, मग हुबळीचा. पाच वॉटच्या सेटवर, मोटारसायकलच्या बॅटरीएवढ्या बॅटरीवर. ज्या मुलीने गणित केलं होतं ती परवानाधारक होती. तिने आपलं व्हीयू३ने सुरू होणारं चिन्ह सांगितलं, पलीकडून तिला 'पाच-नऊ' असा पूर्ण गुणांचा अहवाल आला, आणि पुढचा प्रश्न आला, "अँटेना कोणता आहे ताई?" हॅम मंडळींत नावगावानंतर हाच प्रश्न असतो.

सह्याद्रीच्या कुशीतल्या त्या शेतावरून कोकण दिसत नाही, घाट दिसत नाही, मोबाइलला जेमतेम एक काडी. तरी अडीचशे-तीनशे किलोमीटरवरचा माणूस शेजारी बसल्यासारखा बोलतो, याचं कारण वर आहे. जमिनीपासून साधारण अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवर सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेला हवेचा थर असतो. एडवर्ड ॲपलटन यांनी १९२४ मध्ये अशा थराचं अस्तित्व प्रयोगाने दाखवलं आणि १९४७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. चाळीस मीटरची तार नऊ-दहा मीटर उंचीवर असेल, म्हणजे पाव लहरीएवढ्या उंचीवर, तर ती आपली बरीचशी शक्ती सरळ आकाशाकडे फेकते. लहर वरच्या थरावरून परतते आणि तीनशे-चारशे किलोमीटरच्या परिघात छत्रीसारखी खाली उतरते. मध्ये डोंगर असोत वा दऱ्या, तिला फरक पडत नाही, कारण ती वरून येते. कोकणपट्टी, देश आणि मराठवाडा यांच्यामध्ये डोंगररांगा असलेल्या महाराष्ट्राला यापेक्षा योग्य व्यवस्था नाही. हातातले वॉकीटॉकी ज्या कड्यापाशी संपतात, तिथे ही तार कामाला लागते.

त्याच झाडावरून दूरही जाता येतं. प्रत्येक पायात मध्यापासून पाच मीटरवर तार कापून तिथे गाडीच्या वायरिंगमध्ये असतात तसे बुलेट कनेक्टर लावायचे. जोडलेले असले की चाळीस मीटरचा पट्टा, सोडवले की १४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे वीस मीटरचा. त्या छोट्या लहरीच्या हिशेबात दहा मीटर उंची ही अर्धी लहर होते, आणि अर्ध्या लहरीवरचा डायपोल शक्ती क्षितिजाकडे कलती पाठवतो. मग कोल्हापूर ऐकू येत नाही, पण संध्याकाळी युरोप येतो. उंची तीच, झाड तेच, फक्त दोन कनेक्टर सोडले. हे मी ज्याला ज्याला दाखवलं आहे, त्याला पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा जास्त उमगलं आहे.

हल्ली एका टोकाने वीज देण्याच्या तारेची चलती आहे. तिला मधला जोड लागत नाही, एक टोक झाडावर आणि दुसरं सेटजवळ. जर्मन झेपेलिन हवाई जहाजांच्या मागे लोंबणारी तार याच जातीची होती. आपण मघाशी पाहिलं की तारेच्या टोकाशी व्होल्ट जास्त आणि प्रवाह कमी असतो. त्यामुळे तिथे ५० ओहमऐवजी अडीच हजारांच्या आसपास ओहम असतात, आणि मध्ये एक ट्रान्सफॉर्मर लागतो. फेराइटच्या कड्यावर एका बाजूला दोन वेढे आणि दुसऱ्या बाजूला चौदा. सातपट वेढ्यांमुळे ओहम सातचा वर्ग, म्हणजे ४९ पट बदलतात. डोंगरावर एकटं जाणाऱ्याला हा अँटेना सोयीचा आहे, यात वाद नाही. पण पहिला अँटेना म्हणून तो करू नये असं मला वाटतं. ट्रान्सफॉर्मर चुकला तर शक्ती कड्यात उष्णता होऊन जाते, आणि नवख्याला ते कळतही नाही. डायपोल काही लपवत नाही. जे चुकलं ते यंत्राच्या रेघेत दिसतं.

तार उंच नेण्याची धडपड मार्कोनीलाही करावी लागली होती. १२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर त्याने सुमारे १५० मीटर तार पतंगाला बांधून आकाशात सोडली. त्याआधी वाऱ्याने त्याचा एक फुगा उडवून नेला होता. इंग्लंडच्या कॉर्नवॉलहून अटलांटिक ओलांडून आलेले तीन ठिपके त्याने ऐकले असं तो सांगे. ते खरोखर ऐकले का, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. पण ती तार पोर्टेबल होती, यावर वाद नाही.

साध्या तारेतून काय उभं राहू शकतं, याचं आपल्याकडे खोडदचं उदाहरण आहे. पुण्याच्या उत्तरेला नारायणगावजवळ जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी त्या तबकड्या पत्र्याच्या केल्या नाहीत. पोलादी तारांच्या दोऱ्यांवर बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी ताणून बसवली. त्यामुळे वाऱ्याचा भार घटला, वजन घटलं, खर्च घटला आणि जगातल्या अव्वल दुर्बिणींमध्ये गणली जाणारी दुर्बीण उभी राहिली. तारेवर विश्वास ठेवणारा याहून मोठा माणूस आपल्या मातीत झाला नाही. त्या परिसरात मात्र आपला सेट चालवू नये. तिथे अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेले क्षीण संदेश ऐकण्याचं काम चालू असतं.

हे सगळं छंद म्हणून पुरेसं आहे. पण २००४ चा डिसेंबर आठवला की ते छंदापुरतं राहत नाही. दिल्लीच्या भारती प्रसाद हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. अंदमानातून हौशी रेडिओ सतरा वर्षं बंद होता, त्यामुळे जगभरचे हॅम त्यांचं चिन्ह ऐकायला टपले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, दूरध्वनी गेले, आणि छंदासाठी लावलेल्या त्याच सामानावरून बेटांची खबर बाहेर जाऊ लागली. कोण सुखरूप आहे, कुठे काय हवं आहे, ते निरोप हॅमनी हॅमला पोचवले. मोबाइलचा मनोरा पडला की त्या मनोऱ्यावरचे हजारो फोन एकदम मुके होतात. एखादं झाड आणि एक बॅटरी शिल्लक असेल तर आपली तार पाऊण तासात उभी राहते. अट एकच, ती उभी करायचा सराव संकटाच्या आधी झालेला हवा. त्या दिवशी सूत्र शोधत बसायला वेळ नसतो.

म्हणून काही गोष्टी कडक शब्दांत सांगतो. महावितरणच्या तारांच्या जवळपासही अँटेना टाकू नका. दोरी फेकण्याआधी वर आणि चारी बाजूंना बघा. तार तुटून वाऱ्याने उडाली तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही एवढं अंतर ठेवा. वळवाचे ढग दिसले, दूर गडगड ऐकू आली, की लगेच केबल काढा, अँटेना खाली घ्या आणि आसऱ्याला जा. सह्याद्रीच्या माथ्यावर वीज सांगून येत नाही. किल्ल्यांवर जाणार असाल तर संरक्षित वास्तूच्या तटात खिळा-खुंटी ठोकू नका. गळाची सात मीटरची फायबरग्लासची काठी न्या आणि ती दगडांच्या ढिगात उभी करा. झाडाला तार थेट बांधू नका, दोरी बांधा. परत निघताना दोरीचा तुकडाही मागे राहू देऊ नका, त्यात पाखरांचे पाय अडकतात.

आणि परवान्याशिवाय बोलू नका. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची बिनतारी शाखा परवान्याची परीक्षा घेते. आजवरच्या पद्धतीत दोन श्रेणी आहेत. प्रतिबंधित श्रेणीला मोर्स लागत नाही आणि तिची चिन्हं व्हीयू३ने सुरू होतात. सर्वसाधारण श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांचा मोर्स यावा लागतो आणि तिची चिन्हं व्हीयू२ने सुरू होतात. अभ्यास बारावीच्या विज्ञानापेक्षा अवघड नाही. कायदा आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करताना आणि ठिकाण बदलून सेट चालवताना त्या वेळचे नियम वाचून घ्या. आपल्या जिल्ह्यात हॅम शोधा. बहुतेक जण नवख्याला घरी बोलावून सेट दाखवतात, चहा पाजतात आणि तारेचा एखादा तुकडाही देतात.

दिवाळीच्या सुट्टीत पाऊस सरलेला असतो, माळ वाळलेले असतात आणि सकाळी चाळीस मीटरचा पट्टा चांगला चालतो. घरातल्या आठवी-नववीतल्या मुलाला किंवा मुलीला बरोबर घ्या, बाजारातून वायरीची एक गुंडाळी आणा आणि परीक्षेचा अर्ज भरा. परवाना येईपर्यंत तार कापून, मोजून आणि निरगाठी बांधून तयार ठेवता येते.